मूल तिसरीत गेलं, पण वाचता येतं का? 'निपुण'ची मोजपट्टी पालकांसाठी सोप्या भाषेत

प्रगतिपत्रकावर ब-१ श्रेणी आहे. हजेरीही चांगली आहे. मूल दरवर्षी वरच्या वर्गात जातंय. पण घरी आलेली चिठ्ठी वाच म्हटलं की अडखळतं, आणि दुकानातून किती पैसे परत आणायचे ते सांगता येत नाही. असं असेल तर गडबड कुठे आहे? मुलात, शाळेत की प्रगतिपत्रकात?

बऱ्याच पालकांना हा प्रश्न पडतो, पण विचारायचा कुणाला हे कळत नाही. 'आम्ही कुठे एवढे शिकलोय' असं म्हणून विषय तिथेच थांबतो. खरं म्हणजे कोणत्या वर्गात मुलाला किती वाचता यायला हवं आणि किती गणित यायला हवं, याची मोजपट्टी सरकारने ठरवून दिलेली आहे. ती अवघड नाही. घरच्या घरी, दहा मिनिटांत, मोबाईलवरच्या घड्याळावर ती तपासता येते. ती कशी, हे या लेखात पाहू.

'निपुण' म्हणजे काय?

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. त्याचं उद्दिष्ट एकच: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे आणि रोजच्या व्यवहाराचं साधं गणित करता आलं पाहिजे. यालाच शाळेत 'पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान' म्हणतात. हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचं असं ठरलं. आपल्या राज्यातही हे अभियान राबवलं जातं. मार्च २०२५ मध्ये 'निपुण महाराष्ट्र' नावाने दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी खास कृती कार्यक्रमही हाती घेतला गेला. शाळेच्या भिंतीवर 'निपुण' असं रंगवलेलं दिसतं, ते हेच.

तिसरीच का? कारण पहिली ते तिसरी मूल वाचायला शिकतं आणि पुढे वाचून शिकायचं असतं. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास येतो, परिसर अभ्यासाचे धडे मोठे होतात, गणितात शाब्दिक उदाहरणं वाढतात. ज्याला धडाच वाचता येत नाही, त्याला इतिहासही कळत नाही आणि गणितही. मग मूल 'ढ' ठरतं. मुळात ते ढ नसतं, त्याचा पाया राहून गेलेला असतो.

हा प्रश्न दोन-चार गावांचा नाही. 'असर' नावाचं सर्वेक्षण २००५ पासून होतं. त्यात ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासतात. 'असर २०२४'नुसार देशातल्या ग्रामीण भागात, सरकारी शाळेत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला. म्हणजे शंभरातली ७६-७७ मुलं वर्गाच्या मागे होती. २०२२ मध्ये हाच आकडा १६.३ टक्के होता. म्हणजे सुधारणा आहे, पण अजून बरंच अंतर कापायचं आहे.

कोणत्या वर्गात काय यायला हवं?

खालची लक्ष्यं त्या त्या वर्गाचं वर्ष संपेपर्यंतची आहेत. जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या याची अपेक्षा धरू नका.

बालवाडी किंवा अंगणवाडीचं शेवटचं वर्ष (वय ५ ते ६)
- वाचन: अक्षरं ओळखता येणं, त्यांचा आवाज सांगता येणं. दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचणं. उदा. घर, नळ, कमळ.
- गणित: १० पर्यंतचे अंक ओळखणं. वस्तू, आकार, संख्या क्रमाने लावणं.

पहिली
- वाचन: आधी न वाचलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचणं.
- गणित: ९९ पर्यंतच्या संख्या वाचणं आणि लिहिणं. सोपी बेरीज-वजाबाकी.

दुसरी
- वाचन: एका मिनिटात ४५ ते ६० शब्द, तेही अर्थ समजून.
- गणित: ९९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं. ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी.

तिसरी
- वाचन: एका मिनिटात किमान ६० शब्द, अर्थ समजून.
- गणित: ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं. गुणाकाराची सोपी उदाहरणं सोडवणं.

यात 'अर्थ समजून' हे शब्द महत्त्वाचे. भराभर वाचलं पण काय वाचलं ते सांगता आलं नाही, तर ते वाचन धरायचं नाही. मिनिटाला शब्द मोजायचे ते शर्यतीसाठी नाही. मूल एकेक अक्षर जुळवत बसलं, तर वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. म्हणून थोडा वेग लागतो.

घरी वाचन कसं तपासायचं?

पुस्तकातला धडा घेऊ नका. वर्गात दहा वेळा म्हटलेला धडा मुलांना पाठ असतो. पुस्तक उलटं धरलं तरी काही मुलं तो म्हणून दाखवतात! त्यामुळे नवाच मजकूर घ्या.

पहिलीच्या मुलासाठी ही वाक्यं द्या:
- बाबा बाजारात भाजी आणायला गेले.
- मीना झाडाखाली आंबा खाते.

दुसरी-तिसरीच्या मुलासाठी खालचा मजकूर द्या. मोबाईलवर अक्षर मोठं करा किंवा वहीवर ठळक लिहून द्या.

"शेवंताच्या घरी एक शेळी होती. तिचे नाव चांदणी. एके दिवशी चांदणी शेतात हरवली. शेवंता तिला शोधायला निघाली. आधी ती विहिरीजवळ गेली. मग ती चिंचेच्या झाडाखाली गेली. चांदणी कुठेच दिसेना. तेवढ्यात घुंगराचा आवाज आला. चांदणी कडब्याच्या गंजीमागे बसली होती. तिच्याजवळ दोन करडे होती. शेवंताला खूप आनंद झाला. ती पळत पळत घरी गेली आणि आईला घेऊन आली. दोघींनी मिळून करडे घरी आणली."

हे बरोबर ६० शब्द आहेत. मुलाने वाचायला सुरुवात केली की मोबाईलवर एक मिनिट लावा. 'शेवंताला खूप आनंद' इथपर्यंत ४५ शब्द होतात. दुसरीचं मूल वर्षअखेरीला निदान तिथपर्यंत यायला हवं. तिसरीच्या मुलाने पूर्ण मजकूर संपवायला हवा. चुकलेले शब्द मोजणीतून वजा करा. एखादा शब्द अडला तर तीन-चार सेकंद थांबा आणि 'पुढचा वाच' म्हणा.

वाचून झालं की तीन प्रश्न विचारा:
१. शेळीचं नाव काय होतं?
२. चांदणी कुठे सापडली?
३. ती गंजीमागे का जाऊन बसली असेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मजकुरात लिहिलेलं नाही. ते मुलाने विचार करून सांगायचं आहे. 'पिल्लं झाली म्हणून', 'कुत्रं येऊ नये म्हणून', असं काहीही पटण्यासारखं सांगितलं तर मूल समजून वाचतंय.

मुलाने उत्तर अहिराणीत, वऱ्हाडीत, पावरीत, कोरकूत किंवा घरच्या कोणत्याही बोलीत दिलं तरी बरोबरच धरा. इथे आपण समज तपासतोय, प्रमाण भाषा तपासत नाही.

स्वतःला वाचता येत नाही अशा आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी काय करायचं? त्यांनाही हे जमतं. मूल वाचत असताना ऐका. बोलल्यासारखं सलग येतंय की 'शे...व...तं...' असं तुटत तुटत येतंय, हे कानाला कळतं. मग म्हणा, 'आता मला गोष्ट सांग बरं.' गोष्ट सांगता आली तर मुलाला समजलं.

घरी गणित कसं तपासायचं?

पहिलीसाठी तुरीचे दाणे किंवा चिंचोके घ्या. ८ आणि ५ मिळून किती? १४ मधून ६ काढले तर किती उरले? मग मध्येच एखादी संख्या लिहायला सांगा: ४७, ६३, ९०.

दुसरीसाठी 'तीनशे पाच' लिहायला सांगा. अनेक मुलं ३००५ लिहितात. तसं लिहिलं तर शतक-दशक-एकक अजून पक्कं नाही असं समजा. मग ७२ वजा ३८ द्या. ही हातच्याची वजाबाकी आहे. उत्तर ३४ यायला हवं. ४६ आलं तर मूल मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, म्हणजे ८ मधून २ काढतंय. ही फार नेहमीची चूक आहे. ती सांगून लगेच सुधारत नाही. दहाच्या नोटा आणि एक-एक रुपयाची नाणी घेऊन, एक नोट मोडून सुट्टे करून दाखवा.

तिसरीसाठी 'चार हजार सोळा' लिहायला सांगा. ४०१६ यायला हवं. मग विचारा: एका ओळीत ८ रोपं, अशा ६ ओळी, तर एकूण रोपं किती? पाढा म्हणून ४८ सांगितलं तर छान. पण 'इथे गुणाकार का केला?' हेही विचारा. बेचा पाढा घडाघडा येतो पण तो कुठे वापरायचा ते कळत नाही, अशी मुलं खूप असतात.

३६ की ६३? मराठी आकड्यांची खास अडचण

मराठीत आपण 'त्रेसष्ट' म्हणतो तेव्हा आधी तीन ऐकू येतो आणि मग साठ. लिहिताना मात्र आधी ६ आणि मग ३. त्यामुळे लहान मुलं 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहितात. शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही नावं वजाबाकीची: तीसला एक कमी, चाळीसला एक कमी. मुलाला 'एकोणपन्नास' ऐकून ५९ लिहावंसं वाटतं, ते यामुळेच.

ही अडचण ओळखून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'सोबत 'साठ तीन' अशी सोपी वाचनपद्धतही दिली होती. तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, मुलांना आकडा समजायला सोपं जावं म्हणून दुसरी पद्धत दिली आहे, अशी त्यांची बाजू होती. वाद काहीही असो, घरी याचा उपयोग करता येतो. मूल गोंधळलं की रागावण्याऐवजी विचारा, 'त्रेसष्ट म्हणजे साठ आणि किती?' साठ आणि तीन असं म्हणता आलं की लिहिताना चूक कमी होते.

प्रगतिपत्रक वाचायचं कसं?

आपल्या राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात दोन भाग असतात. आकारिक म्हणजे वर्षभर तोंडी काम, कृती, उपक्रम, गृहपाठ यातून शिक्षक जे टिपतात ते. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिकला ७० गुण आणि संकलितला ३० गुण. तिसरी-चौथीला ६० आणि ४०.

गुणांवरून श्रेणी ठरते:
- ९१ ते १००: अ-१
- ८१ ते ९०: अ-२
- ७१ ते ८०: ब-१
- ६१ ते ७०: ब-२
- ५१ ते ६०: क-१
- ४१ ते ५०: क-२
- ३३ ते ४०: ड
- ३३ पेक्षा कमी: ई-१ किंवा ई-२

आता मुद्द्याची गोष्ट. श्रेणी ही अनेक गोष्टींची मिळून बेरीज असते. चित्र छान काढलं, कविता म्हटली, वही नीट ठेवली, तोंडी उत्तरं दिली, या सगळ्याचे गुण त्यात येतात. ते योग्यच आहे. पण त्यामुळे ब-१ श्रेणी असलेल्या मुलाला वाचता येतंच असं नाही. 'वरच्या वर्गात गेला' हाही पुरावा नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते चौथीत कुणालाही मागे ठेवत नाहीत. २०२३ मधल्या नियमबदलानंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात कमी पडलं तर पुनर्परीक्षा होते, आणि तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. म्हणजे पहिलीत राहिलेला कच्चा पाया घरच्यांना थेट पाचवीत दिसतो. तोवर चार वर्षं गेलेली असतात.

म्हणून प्रगतिपत्रक जपून ठेवा, पण वाचन-गणित स्वतः तपासा.

मूल मागे असेल तर?

आधी शांत राहा. चार भावंडांत किंवा पाहुण्यांसमोर तपासणी करू नका. शेजारच्या पोराशी तुलना नको, धपाटा तर नकोच. एकदा वाचायची धास्ती बसली की ती लवकर जात नाही.

मग मूल नेमकं कुठे थांबलंय ते पाहा. मजकूर जमत नसेल तर वाक्य द्या. वाक्य जमत नसेल तर शब्द. शब्दही नाही तर अक्षरं. जिथे जमतंय तिथून पुढे सुरुवात करा. तिसरीच्या मुलाला काना-मात्रा येत नसतील तर तिसरीचा धडा घोकून उपयोग नाही. आधी काना-मात्रा, मग जोडाक्षरं.

रोज २० मिनिटं पुरतात, पण ती रोज द्यायला हवीत. १० मिनिटं वाचन, १० मिनिटं आकडे. साहित्य विकत आणायची गरज नाही:
- किराणाची यादी मुलाला लिहायला लावा, दुकानात वाचायला लावा.
- एसटीची पाटी, बियाण्याच्या पिशवीवरची नावं, लग्नपत्रिका वाचून घ्या.
- बाजारात सुट्टे पैसे मुलाला मोजू द्या. डेअरीवर आज किती लिटर दूध गेलं ते वहीत लिहू द्या.
- बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ दिसतात. पण व्हिडिओ पाहणं म्हणजे वाचणं नव्हे. आधी वाचन, मग व्हिडिओ.

मूल डोळे बारीक करून वाचत असेल, फळ्यावरचं चुकीचं उतरवत असेल किंवा हाक मारल्यावर ओ देत नसेल, तर आधी डोळे-कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळांमध्ये आणि अंगणवाड्यांमध्ये तपासणीला येतं. ते कधी येणार ते शाळेत विचारून ठेवा. बराच सराव करूनही अक्षरं ओळखता येत नसतील तर गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना दाखवायला सांगा.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी हे जास्त महत्त्वाचं. दिवाळी ते होळी मूल शाळेबाहेर राहिलं की अर्धं वर्ष जातं. निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होते का ते विचारा. मूल सोबत न्यावंच लागलं तर शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे तिथल्या शाळेत बसवता येतं.

शाळेत काय विचारायचं?

'आमचा पोरगा कसा आहे?' असं विचारलं की 'बरा आहे, थोडं लक्ष द्या' असं उत्तर मिळतं. त्याऐवजी नेमकं विचारा:
१. माझं मूल वाचनात सध्या कोणत्या पातळीवर आहे: अक्षर, शब्द, वाक्य की परिच्छेद?
२. कितीपर्यंतच्या संख्या त्याला वाचता-लिहिता येतात? हातच्याची वजाबाकी येते का?
३. वर्ष संपेपर्यंत 'निपुण' व्हायला त्याला काय कमी पडतंय?
४. शाळेत त्यासाठी वेगळा सराव होतो का? कधी?
५. आम्ही घरी नेमकं काय करावं?

हे प्रश्न भांडायला गेल्यासारखे विचारू नका. दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग असलेल्या शाळा आपल्याकडे आहेत. त्यात मतदार याद्या आणि बाकीची कामंही त्यांच्या मागे असतात. पालक नेमकं विचारतात म्हटल्यावर शिक्षकांनाही बळ येतं.

शाळा व्यवस्थापन समिती विसरू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. बैठकीत रंगरंगोटी आणि वॉल कंपाउंडबरोबर एक प्रश्न कायम ठेवा: 'तिसरीत किती मुलं आहेत आणि त्यातली किती समजून वाचतात?' उत्तर इतिवृत्तात लिहायला सांगा आणि पुढच्या वेळी आकडा वाढला का ते पाहा. शाळेत वारंवार सांगूनही काही होत नसेल तर केंद्रप्रमुख आणि नंतर पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी यांना लेखी द्या.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

मूल इंग्रजी शाळेत आहे. त्याला हे लागू आहे का?
हो. माध्यम कोणतंही असो, समजून वाचता यायलाच हवं. इंग्रजी धडा वाचून घ्या आणि अर्थ मराठीत विचारा. स्पेलिंग पाठ आहे पण अर्थ सांगता येत नसेल तर पाया कच्चा आहे.

शिकवणी लावली तर चालेल का?
शिकवणीत गृहपाठ करून देत असतील तर उपयोग नाही. मूल जिथे अडलंय तिथून शिकवणार का, हे आधी विचारा.

मूल आता पाचवीत आहे. उशीर झाला का?
नाही. मोठं मूल लवकर शिकतं. फक्त त्याला लाज वाटेल असं वागू नका. बालवाडीचं पुस्तक हातात देण्यापेक्षा क्रिकेटच्या बातम्या, छोट्या गोष्टी द्या.

किती दिवसांनी पुन्हा तपासायचं?
महिन्यातून एकदा पुरे. तारीख आणि किती शब्द वाचले ते वहीच्या मागच्या पानावर लिहा. २२ शब्दांवरून ३० वर गेलं तरी मुलाला ते दाखवा. आपण पुढे चाललोय हे त्यालाही दिसलं पाहिजे.

आज संध्याकाळी जेवणाआधी मुलाला जवळ बसवा आणि वरची शेळीची गोष्ट वाचायला द्या. मूल तिसरीत असेल तर हे वर्ष वाया जाऊ देऊ नका.